काच वर होती

हॉर्न भिमाजीनेच वाजवला होता. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी तर त्याने तळहात दाबूनच धरला, आणि तो उचलायच्या आत पुढच्या मोटारसायकलने डांबराची कड सोडली. ही कड काही साधी नाही. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर ओततात, साइडपट्टीवर पडायचा मुरूम कुठल्या तरी बंगल्याच्या पायात पडतो, आणि रस्ता वीतभर उंच होऊन बसतो. चारचाकीवाल्याला ते जन्मात कळत नाही. दुचाकीवाल्याला कळतं, पडल्यावर. मोटारसायकलचं पुढचं चाक खाली उतरलं, मागचं वरच राहिलं, गडी एकीकडे आणि बाई दुसरीकडे. पण हे भिमाजीने समोरून पाहिलं नाही. तोवर त्याची गाडी पुढे निघून गेली होती. त्याने पाहिलं ते दारावरच्या आरशात. तळहाताएवढ्या काचेत उठलेली धूळ, आणि धुळीत आडवं पडून हवेत गरागरा फिरणारं एक चाक. आरशात सगळं लहान दिसतं. लहान दिसतं म्हणूनच माणसाला पुढे जाता येतं.

तो पुढे गेला. हे लपवण्यात अर्थ नाही. तेहतीस वर्षं वीज मंडळात वायरमन म्हणून खांबावर चढलेला, बेलापूर ते श्रीरामपूर हा रस्ता हजारो वेळा सायकलवर तुडवलेला, साठी ओलांडलेला माणूस गाडी न थांबवता पुढे गेला. शेजारी बायको ओरडत होती, "आवो, पडले ना ते! आवो, थांबवा की!" आणि त्याचा पाय त्याचं ऐकत नव्हता. पाय भ्याला होता. डोक्याआधी पाय भितो, हे त्याला खांबावर अनेकदा कळलं होतं. पण तिथे भ्यालेला पाय खिळून बसायचा. इथे तो पळाला.

कॅनॉलच्या पुलाजवळ, बाभळीखाली, गाडी अखेर थांबली. इंजिन चालू, एसी चालू. मागच्या सीटवर लेकीसाठी घेतलेली पेरूंची पिशवी कलंडून चार पेरू खाली लोळत होते. शुभांगी श्रीरामपुरात दिलेली. तिच्याकडे दुपारच्या जेवणाला निघाले होते दोघं. जयमालाने आपल्या बाजूचं दार उघडलं, एक पाय खाली टाकला, मागे पाहिलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर तेवढा दिसत होता, आणि त्याच्या मागे काही नाही. ती परत बसली, दार ओढून घेतलं.

"तुमी हारन कशाला वाजवला?"

"तूच वरडली ना पदर पदर म्हनून!"

"मी तिला वरडले. तुमाला न्हाई."

खरं होतं. पुढच्या मोटारसायकलवर बाई एका अंगाला बसलेली, आणि तिच्या मागच्या बाजूला चाकापाशी लाल कापड फडफडताना जयमालाला दिसलं. "आवो, तिचा पदर! चाकात चाललाय!" म्हणत तिने काचेचं बटण दाबलं. काच खाली येईना. दिवाळीत नातू आला होता, ओम. तो काच वर-खाली, वर-खाली करून सगळ्यांना वैताग देत होता, म्हणून सचिनने, म्हणजे ओमच्या बापाने, ड्रायव्हरच्या दारातलं एक बटण दाबून बाकी सगळ्या काचा बंद करून टाकल्या होत्या. ओम पुण्याला गेला, सचिन गेला, ही जुनी गाडी बापाला देऊन गेला, आणि बटण दाबलेलंच राहिलं. जयमाला बांगड्यांच्या हाताने काच बडवत होती, "ए बाई! पदर! पदर!" करत होती, आणि तो सगळा ओरडा गाडीच्या आतच फिरून भिमाजीच्या कानात शिरत होता. मग त्याला जे सापडलं ते त्याने दाबलं. हॉर्न. हॉर्नला एकच शब्द येतो. पुढच्या माणसाने तो शब्द बरोबर ऐकला: बाजूला हो. तो झाला बाजूला.

असं काही हाकेने झालं नसतं, असं भिमाजीला वाटलं, आणि वाटल्याबरोबर गाडीतला तो गार, वास नसलेला वारा त्याला नकोसा झाला. या रस्त्याला पूर्वी तोंड होतं. सकाळी सहा वाजता तो खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला पक्कड आणि हँडलला डबा लावून निघायचा तेव्हापासून रस्ता बोलायला लागायचा. "ओ वायरमन, मागच्या चाकात हवा न्हाई!" "ए पावनं, पोतं सुटलं!" पुढे मोटारसायकली आल्या तेव्हा, "स्टँड! आरं स्टँड हाय खाली!" कोणी स्टँड न उचलता निघाला, की समोरून येणारा, मागून येणारा, शेतात खुरपं घेऊन बसलेला, पानटपरीवरचा, सगळे एकदम ओरडायचे. ज्याचा स्टँड तो नुसता पाय मारून स्टँड उचलायचा आणि हात वर करायचा. आभार वगैरे कोणी मानत नव्हतं. आणि बायकांचे पदर तर साऱ्या जिल्ह्याचे होते. डबलसीट बसलेल्या बाईचा पदर चाकाकडे निघाला, की नात्यागोत्यात नसलेला, उभ्या जन्मात तिच्याकडे मान वर करून न पाहिलेला माणूससुद्धा गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, "बाईऽऽ, पदर!" भिमाजीने स्वतः किती पदर वाचवले असतील, त्याचा काही पत्ता नाही. एकदा खांबावर बसून त्याने एका नवरीचा शालू वाचवला होता. वरून ओरडला तर खालच्यांना वाटलं आकाशवाणीच झाली. ते आठवून त्याला आताही हसू यायला झालं, आणि मग त्या हवेत फिरणाऱ्या चाकाने ते हसू चेचून टाकलं.

"काय करायचं?" जयमाला म्हणाली. "जायाचं का न्हाई माघारी?"

त्याला लग्नानंतरचं पहिलं वर्ष दिसत होतं. हीच जयमाला, वीस वर्षांची, सायकलच्या कॅरिअरवर, पिवळं पातळ नेसलेली, त्याच्या शर्टाला दोन बोटांनी धरून. पूर्ण हाताने धरायची लाज वाटायची तिला. श्रीरामपूरला सिनेमा बघायला निघाले होते. दुधाच्या किटल्या लावलेला एक म्हातारा समोरून येत होता, मोठं पागोटं, बागायतदारच असणार. तो ओरडला, "पोरी, पदर! आरं थांब, पदर!" आणि नुसतं ओरडून थांबला नाही, तर सायकल आडवी घालून उतरला. पदर तोवर साखळीत ओढला गेला होता, गळ्याशी ताण आला होता, जयमालाचे डोळे मोठे झाले होते. म्हाताऱ्याने स्वतः खाली बसून, वंगणात हात घालून, चाक उलटं फिरवत एकेक घडी सोडवायला घेतली. सोडवता सोडवता, माणसं विचारतात तसं त्याने विचारलं, "कुनाचे रं तुमी?" भिमाजीने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आपण बेलापुरात गावाच्या कोणत्या अंगाला राहतो ते सांगितलं. म्हाताऱ्याची बोटं थांबली. क्षणभरच. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडावा तेवढीच. मग पुन्हा चालू झाली, आणि पदर सुटला, आणि म्हातारा मातीला हात पुसत किटल्या वाजवत निघून गेला. बास. पाणी मागितलं असतं तर त्याने वरून ओतलं असतं हे भिमाजीला ठाऊक होतं. पण हाक आधी आली होती; नाव नंतर विचारलं गेलं. भिमाजीच्या बापाने छप्पन साली धर्म बदलला, भिमाजी शिकला, नोकरीला लागला, आणि तरी ज्या गावाने त्याला ओट्यावर कधी बोलावलं नाही, त्याच गावाने रस्त्यावर मात्र त्याला रोज हाका मारल्या. हाक मारायला जात विचारण्याइतका वेळच नसतो. ती थांबलेली बोटं त्याला सदतीस वर्षं सलत होती, आणि ती हाक त्याला सदतीस वर्षं गोड वाटत होती, आणि ही दोन्ही एकाच माणसाची होती. याचा हिशोब लागत नाही. ज्यांना लागतो ते भाषणं करतात.

"आवो, मी काय म्हनते?"

"मारतील," भिमाजी म्हणाला.

"कोन?"

"लोक. माघारी गेलो तर मारतील."

"चूक झाली म्हनून सांगू की."

"कोन ऐकतंय? आमी ऐकलं का?"

हे तिला माहीत नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट. याच रस्त्यावर एका जीपवाल्याने हॉर्न मारला, पुढचा सायकलवाला दचकून चारीत गेला. जीप पुढे गेली. आणि मग थांबली. आणि मागे आली. सायकलवाल्यांचा घोळका जमला होता, त्यात भिमाजी. जीपमधून एक टकला, चष्मा लावलेला माणूस उतरला, दोन्ही हात पुढे धरून काहीतरी बोलू लागला. त्याला काही सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते कोणालाच कळलं नाही, कारण तेवीस वर्षांच्या भिमाजीनेच पहिली कानफटात मारली. चष्मा उडाला. मग बाकीच्यांनी हात साफ केले. किती बरं वाटलं होतं! गाडीवाला! हा शब्दच त्यांच्यात शिवीसारखा वापरत. मोठं चाक ज्याचं, चूक त्याची. यात विचार काय करायचा? त्या रात्री तळहात झिणझिणत होता आणि त्याने तो कौतुकाने उशाला घेतला होता. आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की तो माणूस मागे आला म्हणून मार खाल्ला. न येणारे कितीतरी त्या रस्त्याने गेले असतील. त्यांच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. भिमाजीने मारलं ते फक्त परत येणाऱ्याला.

"सचिनला फोन लावा," जयमाला म्हणाली.

"सचिन काय करल? म्हनल, पप्पा, तुम्ही निघा तिथून."

"म्हनलच तो तसं," ती म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला. "लई लागलं असल का वो तिला?"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आले. सापडलो. मोटारसायकलवरचा एक पोरगेला गडी वाकून आत बघत होता, त्याचं तोंड हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. भिमाजीने दारातली सगळी बटणं चाचपली; कशाने तरी त्याच्याकडची काच खाली आली आणि बाहेरचा उन्हाचा, धुळीचा, उसाच्या पाचटाचा वास एकदम आत घुसला. "मावशींकडचं दार!" गडी म्हणत होता. "दार नीट लागलं न्हाई मावशींचं. पडतील ना!" एवढं सांगून, उत्तराची वाट न बघता, तो गेलासुद्धा. जयमालाने दार उघडून पुन्हा धाडकन लावलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. भिमाजीने गाडी वळवली.

पंधरा-वीस माणसं जमली होती. मोटारसायकल उभी करून ठेवलेली, हँडल वाकडं. बाई कडेला मुरमात बसलेली, तिशीतली, तोंड पांढरंफटक, डावा हात उजव्या हाताने लहान लेकरासारखा छातीशी धरलेला; तो हात मनगटाच्या वर जिथे वाकू नये तिथे वाकला होता. नवऱ्याची पँट गुडघ्यावर फाटून आत लाल दिसत होतं, आणि तो लंगडत इकडून तिकडे फिरत शिव्या घालत होता. "नंबर बघितला का कुनी?" "पांढरी हुती." "आरं पांढऱ्या तर समद्याच हायत." भिमाजीची पांढरी गाडी त्यांच्या समोर येऊन थांबली, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि कोणालाच काही दिसलं नाही. समोरून आलेली गाडी ती मदतीची. पळालेली ती गुन्ह्याची. एकच गाडी दोन्ही असू शकते हे गर्दीच्या डोक्यात येत नाही. भिमाजी उतरला. दोन्ही हात पुढे धरून. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी जयमाला बोलली.

"आमी श्रीरामपूरकडून आलो. काय झालं वो?"

तिने कधी खोटं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. आज ती इतकी झटकन, इतकी साफ बोलली, की त्याचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "नाना, तुमी देवासारखे आले बघा!" कोणीतरी म्हणालं. "ताईला दवाखान्यात घाला आधी." माणसांनी पेरू बाजूला सारले, बाईला उचलून मागे बसवलं, तिच्या शेजारी जयमाला; नवरा पुढे, भिमाजीच्या शेजारी. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप कानफटात बसल्यापेक्षा जोरात लागली.

"मी गहिनीनाथ," नवरा म्हणाला. "ही रेश्मा, माजी मंडळी. नाना, तुमच्यासारखी मानसं हायत म्हनून दुनिया चालली. न्हाईतर त्यो बघा ना भडवा. रस्ता काय त्याच्या बापाचा हाय? मी कडेनंच चाल्लो हुतो. रेश्मा, कडेनंच हुतो का न्हाई?"

"कडेनंच," मागून बाई कण्हली. "हळू घ्या वो गाडी."

श्रीरामपूरकडे पुन्हा वळवलेली गाडी भिमाजीने हळू घेतली. आरशात जयमालाचे डोळे होते. ते म्हणत होते, बोलू नका. दवाखाना येऊ द्या, सोडून देऊ, निघून जाऊ. नुसत्या ओळखीतले असते तर इतके स्पष्ट बोलले नसते. सदतीस वर्षांच्या संसारातले होते. आणि गहिनीनाथ बोलतच होता. "तुमचा मोबाईल नंबर द्या नाना. हिचा हात बरा झाला की घरी जेवायला बोलवनार तुमाला. दोघांना." त्याने खिशातून काच फुटलेला मोबाईल काढला, अंगठ्याने पुसला, आणि भिमाजीकडे पाहत थांबला. "सांगा."

"मीच हुतो तो," भिमाजी म्हणाला.

"काय?"

"हॉर्न मी वाजवला. गाडी हीच."

गहिनीनाथच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. मागे जयमालाने डोळे मिटले. "थांबवा गाडी," गहिनीनाथ म्हणाला, आवाज एकदम खाली आणून. भिमाजीने ब्रेकवर पाय ठेवला. मागे रेश्मा धक्क्याने किंचाळली. "थांबवू नका! चला!" गहिनीनाथ म्हणाला. "आधी हिला पोचवा. मग तुमच्याकडं बघतो मी. म्हातारे हाय म्हनून सोडनार न्हाई."

"नको सोडू."

"का पन? काय केलतं आमी तुमचं?"

आणि भिमाजीने सांगितलं. बाईचा पदर चाकात चालला होता. काच खाली होत नव्हती. वाचवायला गेलो. तेवढं त्याने दोनदा सांगितलं, कारण या सगळ्यात तेवढी एकच गोष्ट त्याच्या बाजूची होती, आणि कॅनॉलच्या पुलापासून तो तिलाच धरून बसला होता. हेतू वाईट नव्हता. हात चुकला, मन नाही.

"पदर?" मागून रेश्मा म्हणाली. दुखण्यातही तिच्या आवाजात नवल होतं. "माजा पदर तर खोचलेला हाय, नाना. हे बघा की, मावशी."

जयमालाने पाहिलं. पदर कमरेला पक्का खोचलेला होता, पडूनही सुटला नव्हता. आणि तो हिरवा होता.

"लाल काय फडफडत हुतं मंग?" जयमालाने विचारलं.

"त्ये व्हय. गाडीचं साडीगार्ड तुटलंय. ह्यांना दोन म्हैने झालं सांगते, बसवा बसवा. ऐकत न्हाईत. मंग मीच जुन्या साडीचा पट्टा गुंडाळून बांधला तिथं. पदर जाऊ नये म्हनून." तिने दात आवळून श्वास घेतला. "त्याचंच टोक सुटलं असल. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

साडीगार्डचं निघाल्यावर गहिनीनाथ बाहेर बघायला लागला होता. भिमाजी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. वाचवायला काही नव्हतंच. सायकलवर असता तर तो ओरडला असता, बाईऽऽ पदर, आणि ती मागे वळून हसत म्हणाली असती, पदर न्हाई वो, चिंधी हाय! आणि तोही हसला असता, आणि रस्ता पुढे चालू लागला असता. चुकीची हाकसुद्धा चालून जायची, कारण तिला उत्तर देता यायचं. अशा किती चुकीच्या हाका त्याने मारल्या असतील, किती बायकांनी त्याला हसून वाटेला लावलं असेल, आणि त्याने आठवणीत ते सगळे वाचवलेले पदर म्हणून जमा करून ठेवले होते.

श्रीरामपुरातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात एक्स-रे निघाला. दोन्ही हाडं मोडली होती. ओढून बसवावी लागणार होती. डॉक्टर म्हणाला, पोलिसांना कळवावं लागेल. भिमाजीने काउंटरवरच्या बाईला आपलं नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून दिला आणि ज्या रकान्यात 'पेशंटला आणणारा' असं होतं तिथे, आणणारा आणि पाडणारा एकच आहे असं लिहायचं, हे तिला समजावून सांगितलं. तिला ते एका झटक्यात समजलं नाही. गहिनीनाथला आतल्या खोलीत टाके घालत होते. जयमाला बाकावर बसून शुभांगीला फोनवर, जेवायला यायला उशीर होईल, एवढंच सांगत होती. तोच पडदा सरकला आणि मदतनीस बाहेर आला.

"पेशंटचं कोणी आहे का? धरायला पाहिजे. भूल नुसती हातापुरती दिली, हलतायत त्या."

जयमाला उठायला लागली, पण भिमाजी आधीच उठला होता.

रेश्माने त्याला पाहिलं. "तुमी?" म्हणाली. मग डॉक्टरने तिचं बोट धरलं आणि तिच्यापुढे काही इलाज उरला नाही. तिने मोकळा हात पुढे केला आणि भिमाजीचं मनगट पकडलं. शेतात काम करणाऱ्या बाईची पकड. डॉक्टरने ओढलं. तिचं अंग कमान झालं, नखं त्याच्या कातडीत गेली, आणि तिच्या तोंडून निघालं ते सरळ त्याच्या तोंडावर, वीतभर अंतरावरून, थुंकीसकट:

"तुजं मढं बशिवलं मेल्या, गाडीवाल्या! आंधळ्या! डोळं फुटलं हुतं का तुजं!"

"ताई, शांत," डॉक्टर म्हणाला.

"गप करू नका तिला," भिमाजी म्हणाला. त्याने वाकून कान आणखी जवळ नेला. "वरड, बाई. वरड."

डॉक्टरने दुसऱ्यांदा ओढलं.